सतरा सेंटिमीटरच्या मदरबोर्डवर घरचा छोटा पीसी: निवडीपासून पहिल्या बूटपर्यंत

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड म्हणजे १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद चौकोन. तैवानच्या व्हीआयए टेक्नॉलॉजीज कंपनीने २००१ मध्ये हे माप आणलं तेव्हा त्यावर कमी विजेचे, जेमतेम ताकदीचे प्रोसेसर असायचे. आता एटीएक्स बोर्डवर, म्हणजे ३०५ बाय २४४ मिलिमीटरच्या थोराड बोर्डवर, बसणारा प्रोसेसर या चौकोनावरही तसाच बसतो. कमी होतं ते एवढंच: रॅमचे स्लॉट चाराचे दोन होतात, कार्डासाठी एकच स्लॉट उरतो आणि पंखे जोडायच्या जागा दोन-तीन राहतात. घरच्या वापरात यातलं काहीच सहसा अडत नाही.

मुंबई-ठाण्याच्या वन बीएचकेमध्ये किंवा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला कॉम्प्युटर टेबलाखाली ठेवायलाही जागा नसते. मग लोक लॅपटॉप घेतात, नाहीतर तयार मिनी पीसी. तयार मिनी पीसी वाईट नसतात, पण त्यांतल्या पुष्कळांत प्रोसेसर बोर्डला सोल्डर केलेला असतो, पंखा त्याच मॉडेलचा लागतो आणि चार वर्षांनी तो मिळत नाही. स्वतः जुळवलेल्या पेटीत प्रत्येक भाग सुटा असतो. पंखा गेला तर पंखाच बदलायचा आणि रॅम कमी पडली तर रॅमच. माझ्या दृष्टीने एवढं एक कारण पुरेसं आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. मोठा पीसी जुळवताना प्रोसेसर पहिला ठरतो आणि कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, शेवटी. छोट्या पीसीत हा क्रम उलटा करायचा: आधी कॅबिनेट, मग कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा), मग एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), आणि या तिघांनी ठेवलेल्या जागेत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. हा क्रम चुकला की एकतर झाकण बसत नाही, नाहीतर बसतं आणि आत सगळं तापत राहतं.

कॅबिनेट

छोट्या कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये सांगतात. लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये गुणायची आणि दहा लाखांनी भागायचं. ३६० × १८५ × २७४ चं उत्तर येतं साधारण १८.२५ लिटर. ही मापं कूलर मास्टर एनआर२०० ची आहेत, पाय आणि बाहेर आलेले भाग सोडून. साधारण २० लिटरच्या आतल्या पेट्यांना या छंदातले लोक छोटा पीसी म्हणतात. त्याखाली फ्रॅक्टल टेरा १०.४ लिटरचं, डॅन ए४ सुमारे ७ लिटरचं आणि इन-विन चोपिन तर ३.३ लिटरचं. चोपिनमध्ये १५० वॉटचा एसएमपीएस आतच येतो, पण ग्राफिक्स कार्ड बसतच नाही.

पहिल्यांदा जुळवणाऱ्याने १५ ते २० लिटरच्या मधलं कॅबिनेट घ्यावं, हे माझं ठाम मत आहे. सात लिटरच्या पेटीचे फोटो मोहात पाडतात, पण तिच्यात प्रत्येक केबल दुमडावी लागते आणि एक स्क्रू पडला तर अर्धं मशीन उघडावं लागतं. एनआर२०० सारख्या पेटीच्या दोन्ही बाजू, पुढचं पॅनल आणि वरचं झाकण स्क्रू न काढता निघतं, हात सगळीकडे पोचतो. पुढची उदाहरणं मी याच पेटीला धरून देतो.

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात चार आकडे शोधायचे:

- कूलरची कमाल उंची. ही प्रोसेसरच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंत मोजतात, बोर्डापासून नाही.
- ग्राफिक्स कार्डाची कमाल लांबी, आणि तिच्याबरोबर जाडीही. जाडी बघायची राहून जाते आणि अडीच स्लॉटचं कार्ड दोन स्लॉटच्या जागेत अडकतं.
- एसएमपीएसच्या मापाचा प्रकार: एसएफएक्स, एसएफएक्स-एल, फ्लेक्स की एटीएक्स.
- पंखे कुठे आणि किती मापाचे बसतात.

मग एक साधं काम करा. पुठ्ठ्याचा १७० बाय १७० मिमीचा चौकोन कापा, त्याशेजारी १२५ बाय १०० मिमीचा एसएमपीएसचा तुकडा ठेवा आणि कॅबिनेटचं माप खडूने फरशीवर आखून त्यात मांडून बघा. टेबलावरची नेमकी जागाही अशीच मोजा, आणि मागच्या बाजूला केबलींसाठी वेगळे सहा-सात सेंटिमीटर सोडा. एचडीएमआयची जाड केबल काटकोनात वळत नाही.

कूलर आणि आपलं हवामान

कूलरची चाचणी करणारे बहुतेक लोक २०-२५ अंशांच्या खोलीत बसलेले असतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पंख्याखालची खोलीच ४० च्या आसपास असते. प्रोसेसर खोलीच्या तापमानाच्या वर अमुक अंश चढतो, असा हिशोब धरायचा. २५ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारं मशीन ४० च्या खोलीत ८५ च्या जवळ जाणार. परदेशी चाचणीचा आकडा वाचताना ही बेरीज आपण करून घ्यायची.

दुसरी गोष्ट वॉटची. डब्यावर ६५ वॉट लिहिलेला एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) रायझन प्रोसेसर भर कामात ८८ वॉटपर्यंत वीज घेतो, कारण कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा तेवढी असते. कूलर निवडताना ८८ चा आकडा धरा. नॉक्टुआचा एनएच-एल९ए हा ३७ मिमी उंचीचा कूलर सुबक आहे, पण आपल्या उन्हाळ्यात ८८ वॉट त्याच्यावर सतत सोडले तर तो कर्कश होतो. पेटीत जागा असेल तर ७० मिमीच्या आसपासचा, १२० मिमी पंख्याचा कूलर शांत राहतो. रायझन ५ ८६००जी बरोबर मिळणारा रेथ स्टेल्थ ५४ मिमीचा आहे आणि ऑफिसच्या कामाला पुरतो. सुरुवात त्याच्यावर करून, आवाज खटकलाच तर पुढे बदलता येतो.

बसका कूलर रॅमच्या वर पसरतो. रंगीत दिव्यांची उंच रॅम अशा ठिकाणी आडवी येते. साधी, वर धातूचं आवरण नसलेली रॅम ३१ मिमीच्या आसपास असते, ती घ्या.

एसएमपीएसला पैसे कमी करू नका

एसएफएक्स एसएमपीएस १२५ × १०० × ६३.५ मिमीचा असतो आणि एटीएक्सपेक्षा महाग पडतो. या एका ठिकाणी काटकसर करू नये. किती वॉटचा? प्रोसेसर ८८, मधल्या ताकदीचं ग्राफिक्स कार्ड (आरटीएक्स ४०६० असेल तर ११५), बोर्ड, एसएसडी, पंखे मिळून ५०. बेरीज अडीचशेच्या आसपास. ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस यात निवांत चालतो. साडेसातशेचा घेतला तर बिघडत काही नाही, पण जाड केबलींचा भारा वाढतो.

पूर्ण मॉड्युलर, म्हणजे सगळ्या केबली सुट्या असलेला घ्या, न लागणाऱ्या केबली डब्यातच राहतात. आणि हे ठळक लिहून ठेवा: एका कंपनीच्या मॉड्युलर केबली दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावायच्या नाहीत. बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची तारांची मांडणी मात्र प्रत्येकाची वेगळी. प्लग नीट बसतो आणि १२ व्होल्ट भलत्याच तारेत जाऊन एसएसडी किंवा बोर्ड जळतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही मांडणी वेगळी असू शकते.

बोर्ड, प्रोसेसर, रॅम

आपलं उदाहरण: ऑफिसचं काम, मुलांचा अभ्यास, फोटो-व्हिडिओची थोडी कापाकापी, अधूनमधून गेम. सुरुवातीला ग्राफिक्स कार्ड नाही, पुढे वाटलं तर घालायचं. यासाठी एएमडी रायझन ५ ८६००जी: सहा कोर, बारा थ्रेड आणि आतच रेडिऑन ७६०एम ग्राफिक्स. हा प्रोसेसर ग्राफिक्स कार्डासाठी आठ लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) देतो आणि आरटीएक्स ४०६० ला लागतातही आठच, त्यामुळे ही जोडी जमते. खालचा ८५००जी स्वस्त दिसतो, पण तो कार्डाला चारच लेन देतो. पुढे कार्ड घालायचा विचार असेल तर तो टाळा.

बोर्ड ए६२० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) पुरतो, उदाहरणार्थ गिगाबाइट ए६२०आय एएक्स. या चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही, आणि छोट्या पेटीत तो करायचाही नसतो. रॅमचा वेग मात्र वाढवता येतो. दोन एम.२ एसएसडी हव्या असतील तर बी६५० चे बोर्ड बघा. वायफाय बोर्डावरच असलेला घ्या, कारण एकुलता एक स्लॉट वायफाय कार्डात घालवणं परवडत नाही. त्याच चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड स्वस्त मिळतो, हे दुकानदार सांगेल आणि ते खरंही आहे. पण तो २४४ मिमीचा असतो आणि आपल्या कॅबिनेटमध्ये बसत नाही.

रॅम दोन सारख्या पट्ट्यांत घ्या. ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन. प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स वेगळी मेमरी बाळगत नाही, हीच रॅम वापरतं. एकच पट्टी लावली की रॅमकडे जाणारा रस्ता निम्मा अरुंद होतो आणि गेममध्ये फरक उघड दिसतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, म्हणून काही जण ‘आता एक पट्टी, पुढे दुसरी’ असा बेत करतात. कार्ड नसलेल्या मशीनमध्ये तो बेत करू नका, ८ च्या दोन पट्ट्या बऱ्या.

एसएसडी एम.२ २२८० मापाची, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, एनव्हीएमई प्रकारची. १ टीबी सोयीची.

खरेदी मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, तुमच्या गावच्या ओळखीच्या दुकानात किंवा ऑनलाइन, कुठेही करा, पण जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. प्रोसेसर ‘ट्रे पीस’ (डब्याशिवाय सुटा विकलेला) आहे की डब्यातला हे स्पष्ट विचारा. ट्रे पीसला कूलर नसतो आणि वॉरंटीसाठी बहुधा त्याच दुकानदाराच्या दारात जावं लागतं. बोर्ड घेताना बायोसची (बोर्डाच्या आतलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) आवृत्ती ८६००जी ला चालणारी आहे का, हेही विचारा. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि हा प्रोसेसर २०२४ मध्ये, त्यामुळे गोदामात पडून राहिलेला जुना बोर्ड त्याला ओळखत नाही. अशा वेळी बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर ते कामी येतं: फॅट३२ फॉरमॅटचा पेनड्राइव्ह, त्यात कंपनीने सांगितलेल्या नावाची बायोसची फाइल, आणि प्रोसेसर न लावताही बायोस नवं होतं.

आधी टेबलावर चालवून बघा

हत्यारं फार लागत नाहीत: चुंबकी टोकाचा मोठा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, एम.२ च्या बारीक स्क्रूसाठी लहान स्क्रूड्रायव्हर, चिमटा, टॉर्च, वेल्क्रोच्या पट्ट्या आणि कूलर परत काढावा लागला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. काम गालिच्यावर किंवा चटईवर नको, मोकळ्या टेबलावर करा. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर घालून बोर्डाला हात लावू नका. मध्येमध्ये कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करत राहा.

मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा. आता प्रोसेसर. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात आणि केसासारख्या नाजूक असतात. दांडी बाहेरच्या बाजूला सरकवून वर उचला, चौकट उघडा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा, कडांना धरून सरळ खाली ठेवा. दाबायचं नाही, सरकवायचं नाही. चौकट बंद करून दांडी खाली ओढली की काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडतं. दांडीला बराच जोर लागतो आणि करकर असा आवाज येतो, तो तसाच यायचा असतो. ते काळं झाकण जपून ठेवा. वॉरंटीसाठी बोर्ड पाठवताना ते लावून द्यावं लागतं, नाहीतर पिना वाकल्याचा ठपका तुमच्यावर येतो.

रॅमच्या पट्टीची खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवून दोन्ही टोकांवर अंगठे ठेवा आणि ‘टक्’ होईपर्यंत दाबा. बऱ्याच आयटीएक्स बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. दुसरं टोक अर्धवट राहिलेलं डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवून खात्री करा.

एसएसडी तिरकी घालून खाली दाबायची आणि टोकाला स्क्रू लावायचा. तिच्यावरच्या धातूच्या पट्टीखाली थर्मल पॅड असतो, त्याच्यावरची पारदर्शक फिल्म काढा. बोर्डाला दुसरा एम.२ स्लॉट असेल तर तो बहुधा मागच्या अंगाला असतो. तिथली एसएसडी बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधीच लावायची, नंतर सगळं पुन्हा उपसावं लागतं.

कूलरकडे इथे नीट लक्ष द्या. रेथ स्टेल्थ चार स्प्रिंगच्या स्क्रूंवर बसतो, हुकांवर नाही. म्हणून बोर्डावर सॉकेटच्या दोन बाजूंना असलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या आधी काढायच्या. एएम५ मध्ये मागची धातूची पाटी सॉकेटलाच धरून असते, ती पडत नाही. कूलरच्या तळाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नका. दुसरा कूलर असेल तर मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. कूलर सरळ खाली टेकवा आणि चारही स्क्रू दोन-दोन फेरे घेत, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने आवळा. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर कूलर तिरका बसतो आणि पेस्ट एका बाजूला सरते. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा.

आता एसएमपीएस शेजारी ठेवून दोनच केबली जोडा: २४ पिनांची मोठी आणि ८ पिनांची प्रोसेसरची. ८ पिनांची केबल दोन प्रकारची असते. ४+४ अशी दुभंगते ती प्रोसेसरची, ६+२ अशी दुभंगते ती ग्राफिक्स कार्डाची. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात. बसत नसेल तर जोर लावू नका, केबल चुकलेली आहे.

मॉनिटर बोर्डाच्याच एचडीएमआयला लावा, एसएमपीएसचं बटण चालू करा आणि बोर्डावर ‘पॉवर स्विच’ लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरेल आणि स्क्रीन काळीच राहील. इथे घाबरून वीज बंद करू नका. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा ओळखून घ्यायला एएम५ बोर्डाला वेळ लागतो, कधी कधी कित्येक मिनिटं. पंधरा मिनिटं थांबायची तयारी ठेवा. मग बायोसची स्क्रीन येते. रॅम पूर्ण दिसते का, एसएसडी दिसते का, प्रोसेसरचं तापमान स्थिर आहे का, एवढं बघा आणि बंद करा. पंधरा मिनिटांनंतरही काही दिसलं नाही तर रॅमची एकच पट्टी ठेवून पुन्हा प्रयत्न करा, मग दुसरी. दोष शोधायचा तर आत्ताच, सगळं उघडं असताना.

कॅबिनेटमध्ये बसवताना

मिनी-आयटीएक्स बोर्डाला चारच स्क्रू लागतात. बोर्डाच्या मागच्या पोर्टांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी वेगळी आली असेल तर ती आधी आतून बसवा. तिच्या कडा धारदार असतात, आणि तिची एखादी जीभ लॅनच्या पोर्टात घुसून बसते, ती वाकवून बाहेर ठेवा.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा बोर्ड, चारही स्क्रू आधी सैल, मग आवळून. लगेच प्रोसेसरची ८ पिनांची केबल, कारण ती जागा बोर्डाच्या कोपऱ्यात असते आणि वर पंखे लागले की तिथे बोट जात नाही. मग समोरच्या पॅनलच्या वायरी. पॉवर आणि रीसेटच्या वायरींना उलटसुलट चालतं, दिव्यांच्या वायरींना अधिक-उणे पाहावं लागतं. यूएसबी ३ ची जाड केबल हट्टी असते. तिचा प्लग ओढताना बोर्डावरचा साचाच उखडून येतो, म्हणून तो एका हाताने धरून दुसऱ्याने सरळ दाबा किंवा काढा.

एनआर२०० मध्ये एसएमपीएस पुढच्या बाजूला एका चौकटीवर बसतो आणि मागून आलेली विजेची केबल आतूनच त्याला जोडली जाते. एसएमपीएस कॅबिनेटबाहेर असतानाच लागणाऱ्या केबली त्याला लावून घ्या. उरलेली लांबी एसएमपीएस आणि बोर्डाच्या मधल्या पोकळीत सपाट घडी करून वेल्क्रोने बांधा. कूलरच्या पंख्यासमोर एकही केबल येऊ देऊ नका. झाकण लावल्यावर केबल फुगून पात्याला लागते आणि ‘टरर’ असा आवाज येतो.

हवेची दिशा: खालून आणि बाजूने आत, वरून आणि मागून बाहेर. पंख्याच्या मोटरला धरणाऱ्या आडव्या दांड्या ज्या बाजूला असतात, ती बाजू हवा बाहेर टाकते. वर १२० मिमीचे दोन पंखे बाहेर फेकणारे लावले की कार्ड नसलेल्या मशीनला तेवढं पुरतं. पुढे ग्राफिक्स कार्ड घातलं तर खाली दोन पंखे हवा आत ओढणारे जोडा.

कार्ड बोर्डाच्या पाठीला ठेवायच्या पेट्यांत रायझर केबल, म्हणजे स्लॉट आणि कार्ड जोडणारी चपटी केबल लागते. रायझर तिसऱ्या पिढीची आणि बोर्ड-कार्ड चौथ्या पिढीचे असतील तर स्क्रीन काळी राहते किंवा मध्येच गोठते. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावून बायोसमध्ये जा आणि त्या स्लॉटचा वेग ‘जेन ३’ करा. नव्या कार्डावर दोष देण्याआधी हे तपासा.

बायोसमधल्या सेटिंग

डिलीट बटण दाबून बायोसमध्ये जा. पहिलं काम एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग चालू करणं, नाहीतर ६००० वेगाची रॅम ४८०० वर चालत राहते. ते केल्यावर रॅमची ओळख पुन्हा पहिल्यापासून होते, पुन्हा थोडं थांबा. दुसरं, इको मोड ४५ वॉट. माझी ही सगळ्यात आवडती सेटिंग आहे. विजेची मर्यादा ८८ वरून ६० च्या आसपास येते, पंखा शांत होतो आणि रोजच्या कामात फरक कळतही नाही. व्हिडिओ रेंडर करताना थोडा वेळ जास्त लागतो, पण मे महिन्यात तो सौदा मी आनंदाने करतो. तिसरं, आतल्या ग्राफिक्ससाठी राखून ठेवायची रॅम: एकूण ३२ जीबी असेल तर ४ जीबी द्या, १६ असेल तर २. चौथं, पंख्याचा वेग हळूहळू चढेल असा आलेख ठेवा. ६० अंशांपर्यंत पंखा एकसारखा मंद ठेवला तर प्रत्येक क्लिकला होणारी त्याची घरघर थांबते.

लाइट वारंवार जाते तिथे ‘वीज परत आल्यावर बंदच राहा’ असा पर्याय निवडा. वीज दोन-तीनदा येते-जाते, त्या गोंधळात मशीन आपोआप चालू होणं बरं नाही. यूपीएस घेणार असाल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या. साध्या यूपीएसवर वीज बदलण्याच्या क्षणी काही आधुनिक एसएमपीएस बंद पडतात.

ऑपरेटिंग सिस्टिम

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नव्या मशीनवर विंडोज ११ किंवा लिनक्स. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं, ते या बोर्डांच्या बायोसमध्ये असतंच. इन्स्टॉलरला बऱ्याचदा नव्या बोर्डाचं वायफाय ओळखता येत नाही, म्हणून बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. लिनक्स घेणार असाल तर उबुंटू २४.०४ किंवा लिनक्स मिंट २२ घ्या, जुन्या आवृत्त्यांना हे ग्राफिक्स नीट ओळखता येत नाही. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे आहे, आणि विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्डही भाषेच्या सेटिंगमधून जोडता येतो.

ताप मोजा

झाकणं लावून, दुपारच्या वेळी, एसी बंद ठेवून चाचणी घ्या. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा तापमान दाखवते. सिनेबेंच हा प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्रॅम अर्धा तास चालवा. ८६००जी ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. ४५ वॉटवर उन्हाळ्यातही ८०-८५ च्या आत राहिला तर काम चोख झालं आहे. ९५ ला टेकत असेल तर एक बाजूचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. आकडा बराच उतरला तर दोष हवेच्या वाटेचा. जेमतेम उतरला तर कूलर नीट टेकलेला नाही, तो काढून, जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून, पुन्हा लावा. रॅमसाठी मेमटेस्ट८६+ एक रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर एक्स्पो बंद करून पुन्हा चालवा, आणि तरीही दाखवली तर पट्टी बदलून घ्या.

झिणझिण्या आणि धूळ

स्टीलच्या कॅबिनेटला अनवाणी उभं राहून हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या तर मशीन खराब आहे असं समजू नका, घराची अर्थिंग तपासा. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडासा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यात सोडतो आणि तो तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवा. जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, पण त्यामागे तारच नसते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घातला तरी हेच होतं. पायात चप्पल घालून किंवा खाली रबराची चटई टाकून झिणझिण्या थांबतात, दोष तसाच राहतो. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्या, फ्रिज आणि गिझरसाठीही ते गरजेचं आहे.

छोट्या पेटीत धूळ लवकर जाणवते, कारण कूलरच्या पात्यांमधल्या फटी बारीक असतात. रस्त्यालगतच्या घरात महिन्यातून एकदा जाळ्या काढून नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते वेडंवाकडं वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. कोकणात, गोव्यात, समुद्राजवळच्या दमट हवेत मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालू राहिलेलं मशीन आतून कोरडं राहतं. पावसाळ्यात बाहेरगावी जाणार असाल तर केबल काढून पेटी भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर ठेवा.